चौघांची गाडी

परभणीच्या पोराला शाळेत घालण्याआधीच एक म्हण पाठ होते: जगात जर्मनी, भारतात परभणी. ती पहिल्यांदा कोणी म्हटली आणि कशावरून म्हटली, याची माणसागणिक वेगळी हकिगत ऐकायला मिळते. सांगणारा प्रत्येक जण ती अशा थाटात सांगतो की म्हण झाली तेव्हा हा तिथंच उभा असावा. त्या वादात मला पडायचं नाही. माझी शंका साधी आहे. जर्मनीशी एवढं जवळचं नातं सांगणाऱ्या या गावात जर्मन गाडी दिसायला नशीब का लागतं? वसमत रोडला सकाळी तासभर उभं राहिलं तर एखादी दिसेल, आणि तीही बहुधा नांदेडला निघालेली असेल. बाकी लिंबाखाली, ओट्यापुढं, कडब्याच्या गंजीला टेकून आणि बँकेच्या दारात वाट अडवून ज्या गाड्या उभ्या असतात, त्यांत दर दोन-तीन गाड्यांआड एक सुझुकीची असते. म्हणजे जपानची.

हे मात्र इथं कोणाला सांगून पटत नाही. आमच्या गल्लीत जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी राहतात. त्यांच्या दारात पांढरी मारुती आठशे उभी असते. मी एकदा म्हणालो, “गुरुजी, तुमची गाडी जपानी आहे बरं का.” गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडं पाहिलं. “जपानी ती पुढाऱ्यांची असती, फॉर्च्युनर. ही आपली मारुती हाय.” मुद्दा संपला. वेशीत मारुती, पारावर मारुती आणि दारातही मारुती. नवी गाडी घेतली की आधी पारापुढं न्यायची, चाकांखाली लिंबं ठेवायची, नारळ फोडायचा आणि मग घरी आणायची. त्या सगळ्यात जपानचा शिरकाव होणार तरी कुठून?

तसा संबंध आहे, आणि तो कापसाचा आहे. जपानात शिझुओका प्रांतात हामामात्सु नावाचं शहर आहे. त्या मुलखात कापूस होत असे आणि घरोघरी माग चालत. तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरी १८८७ साली मिचिओ सुझुकी जन्मला. पोरगा सुतारकाम शिकला. आई मागावर राबते हे पाहून त्यानं तिच्यासाठी एक चांगला माग बनवला, असं सांगतात. १९०९ साली त्यानं मागांचा कारखाना काढला आणि पुढची कित्येक वर्षं सुझुकी म्हणजे माग हेच समीकरण होतं. टोयोटाचं मूळही मागातच आहे. साकिची टोयोडा हा सुताराचा पोरगा त्याच प्रांतातला आणि मागांचाच माणूस. मोटारसायकलींचे सोइचिरो होंडा तर थेट हामामात्सुच्याच बाजूचे. एका प्रांतातून तीन नावं निघाली आणि आमच्या बाजारात शेजारी शेजारी पाट्या लावून बसली. मानवत आणि सेलूच्या कापसाच्या पेठांत जन्म काढलेल्या माणसाला हे कळलं तर त्याला आश्चर्य वाटणार नाही. तो एवढंच विचारील की मग आमच्या जिनिंगवाल्यांनी काय घोडं मारलं होतं?

मिचिओनं १९३७च्या सुमारास लहान मोटारीचा घाट घातला होता. पण युद्ध आलं आणि ते काम बासनात गेलं. युद्धानंतर माग पुन्हा चालू झाले, तर १९५१ साली कापसाचा बाजार कोसळला. कारखाना बुडायच्या बेताला आला, तेव्हा कंपनीनं इंजिनांकडं तोंड वळवलं. १९५२ साली सायकलला जोडायचं ३६ सीसीचं इंजिन निघालं, १९५४ साली कंपनीच्या नावात मोटार आली आणि १९५५ साली सुझुलाइट नावाची चिमुकली गाडी रस्त्यावर आली. कापसाचा भाव पडला म्हणून तिकडं एका घराण्यानं गाड्या बनवायला घेतल्या. आमच्याकडं कापसाचा भाव पडला की ठरलेली गाडी पुढच्या दसऱ्यावर जाते. कारण एकच आहे, पण ते कारखान्याच्या कोणत्या बाजूला उभं राहून पाहायचं यावर सगळं अवलंबून.

या घराण्याची दुसरी गोष्ट मला फार आवडते आणि ती मी लग्नाच्या पंगतीत हटकून सांगतो. सुझुकीला भारतात आणणारे ओसामू सुझुकी हे जन्माने सुझुकी नव्हतेच. ते मात्सुदा. १९३० सालचा जन्म, बँकेत नोकरी. मिचिओच्या नातीशी लग्न झालं, बायकोचं आडनाव लावलं आणि १९५८ साली सासुरवाडीच्या कंपनीत रुजू झाले. सरळ मराठीत सांगायचं तर घरजावई. त्यांच्या आधी कंपनीचं प्रमुखपद सांभाळणाऱ्यांतही जावई होऊन गेले होते, म्हणजे त्या घरात ती रीतच. आमच्याकडं घरजावई म्हटलं की पंगतीत त्याच्या ताटात भाजी उशिरा पडते. अधिक महिन्यात धोंड्याचं जेवण घालतात तेवढाच काय तो मान, तोही तीन वर्षांनी एकदा. ओसामूंनी १९७८ साली कंपनीची सूत्रं हाती घेतली ती चाळीस वर्षांहून अधिक काळ सोडली नाहीत. नव्वदी ओलांडल्यावर २०२१ साली अध्यक्षपदावरून बाजूला झाले. २०२४च्या नाताळाच्या दिवशी ते गेले आणि पुढच्या प्रजासत्ताक दिनाच्या निमित्तानं भारतानं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केलं. एवढं ऐकल्यावर पंगतीतला एखादा जावई पाठ सरळ करून बसतो आणि जिलेबी मागून घेतो.

काटकसरीत तर हा माणूस आमच्या आजीला शोभला असता. नको तिथला दिवा बंद, विमानात साधा वर्ग, आणि कारखान्याचं छत खाली घ्या, म्हणजे थंड करायला हवा कमी लागेल. स्वतःला ते एका लहानशा धंद्याचा म्हातारा मालक म्हणवून घेत. १९७९ साली त्यांनी जपानात आल्टो काढली, तिची किंमत देशभर एकच होती: ४ लाख ७० हजार येन. स्वस्त ठेवायची युक्तीही मोठी गमतीची. प्रवासी गाडीवर कर जास्त म्हणून आल्टो कागदावर मालवाहू दाखवली. मागची सीट नावापुरती आणि सामानाला जागा ऐसपैस. कर वाचला, गाडी धडाक्यात खपली. मला राहून राहून वाटतं, ओसामूंनी ही गाडी कागदावर मालवाहू केली ती वाया गेली नाही. त्याच घराण्यातली बहीण परभणीला आली आणि सिमेंट, सोयाबीन, कडबा आणि पाहुणे यांतलं काहीही वाहून न्यायला तिनं कधी नाही म्हटलं नाही.

१९८२च्या ऑक्टोबरात मारुती उद्योग आणि सुझुकी यांचा करार झाला, सुझुकीचा वाटा २६ टक्के. त्याआधी ज्या परदेशी कंपन्यांशी बोलणी झाली होती त्यांत जर्मनीची फोक्सवॅगनही होती. ती जमली असती तर आमची म्हण दारात उभी राहिली असती! जमली नाही ते बरं झालं असं मला वाटतं, कारण तिचे पार्ट आणायला जिंतूरच्या माणसाला कुठवर जावं लागलं असतं कोण जाणे.

पुढं १९८३ साली नोंदणी खुली झाली. दहा हजार रुपये आधी भरायचे आणि वाट पाहत बसायचं. लाखावर लोकांनी पैसे भरले. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. गाडीची किंमत होती ४७ हजार ५०० रुपये. हरपाल सिंग २०१० साली गेले, तोवर ती गाडी त्यांनी विकली नाही. आमच्या गुरुजींना ही माहिती मी दिली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “शहाणा माणूस.”

आमच्या भागात त्या काळी चारचाकी म्हणजे डॉक्टरची फियाट, अडत्याची अँबेसिडर आणि बाकी सगळ्यांची लाल एसटी. मारुती आली ती आधी अशाच दोन-चार घरांत आली. लोक चालत येऊन तिच्याकडं पाहत आणि हळूच म्हणत, एवढीशी? अँबेसिडरच्या शेजारी उभी केली तर तिचं पोर वाटायची. तीन सिलिंडरांचं ७९६ सीसीचं इंजिन आणि बारा इंचांची चाकं. टिकेल का ही आमच्या रस्त्यावर, असं प्रत्येक जाणत्यानं विचारलं. तिची पुढची तीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर देण्यात गेली. २०१४च्या जानेवारीत आठशेचं उत्पादन थांबलं, पण परभणीला हे अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.

खरा पेच आकाराचा नव्हता, माणसांचा होता. जपानात लहान गाड्यांचा एक सरकारी गट आहे. लांबी अमुक, इंजिन तमुक आणि बसणारे जास्तीत जास्त चार. सुझुकीची सगळी विद्या या गटात घडलेली. दोन आईबाप, दोन पोरं, अरुंद गल्ली. हामामात्सुच्या इंजिनिअरनं कागदावर चार माणसं काढली असणार, आणि ती चौघं ताठ बसलेली, मांडीवर कोणी नसलेली. आमच्याकडं चार हा आकडा फक्त खांदेकऱ्यांच्या बाबतीत पाळतात. लग्नाला निघालेल्या आठशेत पुढं दोन मोठी माणसं आणि एक लहान, मागं चार बायका, त्यांच्या मांडीवर चार पोरं, पायाशी आहेराची पिशवी. डिकीत रुखवताचं सामान आणि त्याच्यावर आडवा झालेला, उलट्या होतात म्हणून कोणालाच पुढं नको असलेला एक भाचा. गाडी पाळण्यागत खाली बसायची. तरी फाट्यावर कोणीतरी हात करायचंच, “परभणीला जायलाव का मालक? दोघंच हैत.” आणि मालक थांबायचा. जागा नाही, असं म्हणायला आमच्या बोलीत शब्द आहेत, पण ते गाडीच्या मालकाच्या तोंडून निघाले तर गावात त्याची पंचाईत होते.

इथंच मला सगळी मेख दिसते. शहरात गाडी ज्याच्या नावावर असते तिचा तो मालक. परभणी जिल्ह्यात तो फक्त हप्ते भरणारा. गाडी भावकीची. शहरातला गाडीवाला भेटला की तो गाडी कशी चालते ते सांगतो. आमचा गाडीवाला भेटला तर परवा कोणी नेली होती ते सांगतो. रात्री दीड वाजता कडी वाजली की घरची बाई दिवा लावण्याआधी किल्ली शोधते. कोणाचं पोट दुखतंय, कोणाला विंचू चावलाय, कोणाची बाळंतीण अडलीय. एका तांड्यावरच्या बाईला असंच रात्री व्हॅनमध्ये घालून जिंतूरला नेलं. पोर झालं ते दवाखान्यात पोचून चांगला अर्धा तास झाल्यावर. पण गावात ते ‘व्हॅनीत झालेलं पोर’ म्हणूनच वाढतंय, आणि व्हॅनचा मालक त्याच्या बारशाला आजोबांच्या बरोबरीनं मिरवला. त्या रात्रीचं पेट्रोल कोणी भरलं, हा विषय काढणं म्हणजे हलकेपणा.

मागून नेलेली गाडी परत येते तेव्हा तिचा अभ्यास करण्यासारखा असतो. आरसा फिरवलेला, सीट पुढं ओढलेली, रेडिओ भलत्याच स्टेशनावर आणि काटा ‘ई’च्याही खाली. नेताना मात्र “टाकी फुल करून देतो” असं स्वच्छ सांगितलेलं. गुरुजींच्या गाडीतलं पायाखालचं मॅट एकदा मी उचलून पाहिलं. हळदीकुंकवात रंगलेल्या अक्षता, एक तुटकी बांगडी, औषधाच्या गोळ्यांचं चकाकतं पाकीट, कोणाच्या तरी जाऊळातले केस आणि सोयाबीनचे दाणे. आषाढ होता, दारातून पाणी झिरपून मॅटखाली ओल धरली होती आणि त्यातल्या तीन दाण्यांना चांगले बोटभर कोंब आले होते. गुरुजींनी ते पाहिले आणि म्हणाले, “बियाणं चांगलं निघालं की हो.” रानात त्या साली दुबार पेरणी करावी लागली होती. मी मॅट हळूच जागेवर ठेवलं.

आता व्हॅनविषयी. १९८४ साली सुझुकीचीच ही मारुती व्हॅन निघाली, १९८८ साली तिचं नाव ऑम्नी झालं, पण आमच्या तोंडी ती व्हॅनच राहिली. सरकतं दार, नाक नसलेलं तोंड आणि इंजिन पुढच्या सीटच्या खाली. बाहेरून साडेतीन मीटरही नाही आणि आतून धर्मशाळा. शाळेची पोरं, पतसंस्थेचे वसुलीवाले, बँडवाले, भजनी मंडळ, पेशंट, सगळ्यांना ती सारखीच पावली. हिंदी सिनेमात तिच्यातून माणसं पळवतात, आमच्याकडं माणसं आपण होऊन तिच्यात घुसतात.

तिच्या इंजिनाची जागा मात्र सामाजिक दृष्टीनं अवघड. परभणीचा मे महिना म्हणजे पारा चव्वेचाळीसच्या पुढं. त्यात वरून ऊन आणि खालून इंजिन. पुढची सीट मानाची म्हणून तिथं घरातल्या थोरल्या माणसाला बसवायचं, आणि दहा-वीस किलोमीटर झाले की ते थोरलं माणूस आलटून पालटून एकेका बाजूवर भार देऊ लागायचं. पुन्हा इंजिन बघायचं तर सीट उचलावी लागते, आणि सीट उचलायची तर वर बसलेलं कोणीतरी उतरावं लागतं. गंगाखेडला जनाबाईच्या दर्शनाला निघालेल्या एका व्हॅनचा पट्टा वाटेत तुटला. मिस्त्री आला, बाह्या सरसावल्या आणि अदबीनं उभाच राहिला. पुढच्या सीटवर नव्वदीच्या आजी झोपल्या होत्या. त्यांना उठवायची कोणाची छाती होईना. शेवटी मिस्त्रीच म्हणाला, “रहने दो. अम्मा की नींद होने दो, इंजन भी तब तक ठंडा होता.” मंडळी बाभळीखाली बसली, शिदोरी सुटली, मिस्त्रीलाही धपाटे मिळाले. पट्टा बसवायला दहा मिनिटं लागली, पण खोळंबा झाला दीड तासाचा. गाडीचा त्यात काहीच दोष नव्हता.

गॅरेजवाले चाचा हा या गाड्यांच्या संसारातला तिसरा माणूस. मालक, गाडी आणि चाचा. आठशेचं इंजिन त्यांना इतकं पाठ की ते खोलताना ते तिच्याकडं पाहतही नाहीत, चहा पिणाऱ्यांशी बोलत असतात. गाडी लांबून येताना ऐकूनच ते सांगतात, “गुरुजी, प्लगा काला हुआ.” हॉर्न सोडून सगळं वाजतंय, असं कोणी गाऱ्हाणं केलं तर म्हणतात, “बजने दो. बजना बंद हुआ तो आना.” आमच्या काळ्या मातीतल्या रस्त्याची आणि गाडीच्या पोटाची जुनी ओळख. पावसाळ्यात चाक रुतलं की गाव लोटायला येतं, उन्हाळ्यात तीच माती वाळून दगड होते आणि चेंबर फोडते. चाचा फुटलेलं चेंबर वेल्डिंग करून देतात आणि खाली एक लोखंडी पत्राही ठोकतात. तो पत्रा सुझुकीच्या कोणत्याही नकाशात नाही, पण जिल्ह्यातल्या निम्म्या जुन्या गाड्यांचं आयुष्य त्या पत्र्यानं वाढवलंय, असं चाचांचं म्हणणं. मी ते मोजायला गेलो नाही.

अलीकडच्या गाड्या आल्या की मात्र चाचा जरा मागं सरकतात. बॉनेट उघडतात, आत एक काळं झाकण दिसतं, ते हळूच पुन्हा बंद करतात. अशा गाडीला आधी स्कॅनर लावावा लागतो. “पहले गाडी बोलती थी, अब कंप्यूटर बोलता,” असं म्हणून ते मालकाला शोरूमचा रस्ता दाखवतात. त्यात राग नसतो, पण पुढं तासभर ते आठशेच्या तारुण्याविषयी बोलत राहतात.

परभणीविषयी आणखी एक म्हण आहे, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. तिचा खरा अर्थ मला जुन्या गाड्यांच्या बाजारात उमगला. आमच्याकडची पोरं शिकून पुण्याला गेली, तिथं त्यांनी आल्टो घेतली, वॅगन आर घेतली. पाच-सात वर्षांनी मोठी गाडी घ्यायची वेळ आली की जुनीचं काय करायचं? पुण्यात बनली तर बनली, नाही तर गाडी परभणी. बाबांना म्हणून ती गावी पाठवायची. त्यामुळं एमएच २२ आमचा नंबर असला तरी गल्लीत एमएच १२ आणि एमएच १४ पासिंगच्या गाड्या मुबलक. तिकडं एकेकट्यानं ऑफिसला जायची सवय झालेली ती बिचारी आल्टो गावी येते, आणि पहिल्याच आठवड्यात तिच्यात सातजण बसून पाथरीला साईबाबांच्या दर्शनाला जातात. तिला काय वाटत असेल, कोण जाणे. सून आली तर तीही तिच्यावरच शिकते. कृषी विद्यापीठाच्या आवारातले मोकळे रस्ते १९७२ पासून ज्वारी-कापसाच्या संशोधनाइतकेच नव्या शिकणाऱ्यांच्याही कामी आले आहेत. सून क्लच सोडते, गाडी उडी मारते, सासरे मागच्या सीटवर दोन्ही हातांनी वरचं हँडल धरून “छान, छान” म्हणतात.

टोयोटाविषयी दोन शब्द सांगायला हवेत, नाही तर पक्षपात होईल. इथंही मराठी धागा आहे. किर्लोस्करांचा नांगर आणि पंप आमच्या रानात आधी आले, मग १९९७ साली टोयोटा-किर्लोस्कर कंपनी झाली, २००० साली क्वालिस आली आणि २००५ साली इनोव्हा. क्वालिस गावात वऱ्हाडाची म्हणून शिरली आणि भाड्यावर धावून धावून पांढरी झाली. फॉर्च्युनरचं वेगळं आहे. ती कोणी मागायला जात नाही. ती दारात थांबली की लोक बाजूला होतात. फाट्यावर तिला कोणी हात करत नाही. गाडी चांगलीच आहे, पण तिच्या मालकाला रात्री दीड वाजता कोणी उठवत नाही, आणि मला वाटतं हे त्यालाही आतून कुठं तरी खटकत असावं.

हसून सोडून द्यावं असं सगळंच नाही. चौघांच्या गाडीत अकरा जण बसले तर त्यातल्या एकालाही पट्टा नसतो. २०१४ साली ग्लोबल एनकॅपनं भारतातल्या लहान गाड्या आदळून पाहिल्या तेव्हा आल्टो ८००ला एकही तारा मिळाला नव्हता. पुढं नियम कडक झाले, २०१९ साली ऑम्नी बंद पडली आणि २०२४ साली नव्या डिझायरला पाच तारे मिळाले. आमच्या महामार्गांवर आता गाड्या सुसाट जातात आणि त्या वेगात मांडीवरचं पोर हे कौतुकाचं दृश्य राहत नाही. शिवाय डिझायर ही गाडी लग्नात सासऱ्यानं ‘हौसेनं’ दिली, असं जे हसून सांगितलं जातं, त्या हौसेचे हप्ते कोण भरतंय हे सगळ्या गावाला माहीत असतं. सुतारकाम शिकलेल्या एका पोरानं आईसाठी माग बनवला तिथून निघालेली गोष्ट इथं येऊन पोचावी, याचं वाईट वाटतं.

दरम्यान तिकडं एक गंमत झाली. २०२५च्या जानेवारीत सुझुकीनं भारतात बनवलेली पाच दारांची जिम्नी जपानात विकायला काढली. चार दिवसांत सुमारे ५० हजार मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. इकडं १९८३ साली लोक पैसे भरून वाट पाहत होते, तसे आता जपानी लोक आपल्या हरियाणातल्या कारखान्याच्या गाडीसाठी नंबर लावून बसले. मी गुरुजींना बातमी वाचून दाखवली. गुरुजींनी शांतपणे विचारलं, “त्यांना ॲव्हरेज किती पडल म्हणे?”

गुरुजींची आठशे २००३चं मॉडेल. पंधरा वर्षं झाली तेव्हा पाच वर्षांसाठी पुन्हा पासिंग करून घेतलं. ते संपलं तोवर नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झाली होती. गुरुजी आज करू, उद्या करू म्हणत राहिले आणि २०२५ साली वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी दहा हजार झाली. पुण्याहून मुलाचा फोन, “बाबा, भंगारात काढा, मी माझी पाठवतो.” गिऱ्हाईकही येऊन गेलं. त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, दार उघडून आपटून पाहिलं आणि पस्तीस हजार म्हणाला. गुरुजी म्हणाले, “गाडी चालू हाय ना, मग इकायची कशाला?” त्यांच्या या प्रश्नाला मुलाकडं उत्तर नव्हतं, गिऱ्हाईकाकडं नव्हतं आणि माझ्याकडंही नव्हतं.

शेवटी त्यांनी दहा हजार भरले. चाचांनी एक दिवस लावून दिवे, ब्रेक, वायपर सगळं नीट केलं, आणि जे वाजत होतं त्यातलं निम्मं वाजायचं थांबवलं. तपासणीच्या दिवशी मी सोबत होतो. अधिकाऱ्यानं चासी नंबर कागदाशी ताडून पाहिला, कागदावर नजर फिरवली आणि आसनक्षमता वाचली: चार. मग चष्म्यावरून गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “चारच, साहेब.” पाच वर्षांचा शिक्का बसला.

येताना जिंतूर रोडच्या फाट्यावर एक म्हातारा, त्याची बायको, लेक आणि जावई सावलीत उभे होते. म्हाताऱ्यानं हात केला. गुरुजींनी गाडी थांबवली, काच खाली करून विचारलं, “किती हैत?”

“चौघंच हैत, गुरुजी,” म्हातारा म्हणाला. “अन् ही शेळी.”

मी उतरून पुढची सीट पुढं ओढून घेतली. शेळी डिकीत गेली.